भोकाचे शेजारी

ये गं पोरी, सरक जवळ. कागदावरून का होईना, पण जवळ सरक. तुझं येणं म्हणजे आता पाहुण्याचं येणं झालं. खांद्यावरची पिशवी खाली ठेवत नाहीस आणि परतीची गाडी कितीला आहे ते विचारतेस. मी बोलायला लागले की फोनवर बोट फिरवत 'हं, हं' करतेस. मला काय समजत नाही? मागच्या खेपेला तर कहर केलास. भांड्यांच्या दुकानात मी बोटाच्या पेराने पातेली वाजवून पाहत होते, तर माझा हात धरून म्हणालीस, "आजी, पुरे ना, लोक बघतात." बघेनात का! दुकानदार हसला, तू लाजलीस आणि मी रुसले. पण घरी आल्यावर तरी विचारायचंस, की आजी, ही सवय तुला लागली कुठून? नाही विचारलंस. तुझ्या वयात मला रस्त्याने जाणाऱ्या गाडीत काय भरलंय याचीसुद्धा चौकशी असायची. जाऊ दे. तू विचारलं नाहीस तरी मी सांगते.

ही सवय आमच्या कारंज्याच्या घरमालकाची. त्याला नाव होतं, आडनाव होतं, पण ते मी लिहिणार नाही. त्याचे भाचे-पुतणे आहेत अजून, आणि मी त्याला बह्याड, म्हणजे वेडसर, म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. अख्खं गाव त्याला मिस्तरी म्हणायचं. मी मिस्तरीभाऊ म्हणायचे. तोंडावर अहो-जाहो करायचे, पण आठवणीत तो मला 'तो' म्हणूनच येतो, त्याला मी काय करू?

सत्तरच्या पुढची वर्षं ती. वाशीम जिल्हा वेगळा झालाच नव्हता, सगळं अकोल्यातच. मोठा दुष्काळ नुकता मागे पडला होता. तुझे आबा आणि मी मेडशीहून एस.टी.नं कारंज्याला आलो ते एक पत्र्याची पेटी घेऊन. आबांना पंक्चर काढायचं आणि टायरात हवा भरायचं दुकान टाकायचं होतं. खोली शोधत दिवसभर फिरलो. आडनाव सांगितलं की रिकामी खोली नेमकी कालच कोणाला तरी दिलेली निघायची. पुढे पुढे तर आबा आडनाव सांगून झालं की स्वतःच पेटी उचलायचे, समोरच्याला खोटं बोलायचा त्रास नको म्हणून. ऊन उतरल्यावर याच्या अंगणात पोचलो. हा एका मोडक्या लोखंडी खाटेच्या पायाला जोड देत बसला होता. यानं आडनाव विचारलंच नाही. विचारलं ते हे:

"बिडी कोण पेते तुमच्यात?"

"कोणीच नाई जी," आबा म्हणाले.

"खरं सांगा. चिलीम?"

"नाई."

"आन् बाई तुमी? मिसरी, तपकीर चालते मले. धूर नाई पायजे."

मी मान हलवली. मग तो उठला, कमरेला सुतळीने बांधलेली छोटी हातोडी सोडली आणि आमच्या पेटीला खालून दोनदा टकटक केली. "बूड गेलं इचं," असं म्हणून खोलीची किल्ली दिली. झालं, आम्ही भाडेकरू.

पुढे पुष्कळ दिवसांनी मी त्याला विचारलं, "मिस्तरीभाऊ, सगळे आडनाव विचारत होते, तुमी काहून नाई विचारलं?"

तो म्हणाला, "आडनावानं कार्बाईड पेटते का, बाई?"

त्याच्याकडे वेल्डिंगचा गॅस घरीच व्हायचा, एका लोखंडी पिंपात. कार्बाईडचे राखाडी खडे आणि त्यावर पाणी. सडक्या लसणासारखा वास दिवसभर अंगणात. एक ठिणगी चुकीच्या जागी गेली की पिंप आभाळात. म्हणून फाटकाशी त्याने पाण्याचा एक माठ ठेवला होता. आत यायचं तर बिडी त्यात टाकायची आणि मग पाय आत टाकायचा. ओळखीचा असो, पाटील असो, एकदा तर गणवेशातला फौजदार. फौजदार तिथे थबकला, माठाकडे पाहिलं, मिस्तरीकडे पाहिलं. मिस्तरी हातोडी धरून नुसता उभा. शेवटी 'च्यक' असा आवाज करून फौजदाराने अर्धी सिगारेट माठात टाकली. मी दारामागून पाहत होते, तोंडात पदर कोंबून.

आता हातोडीचं सांगते. ती त्याच्या कमरेवरून फक्त आंघोळीला उतरायची. तो काहीही ठोकायचा. भिंत, दार, बैलगाडीचा आस, एस.टी.चा पत्रा, कोणाचा डबा. मान एका बाजूला कलवायचा, एक डोळा मिटायचा आणि ऐकायचा. आवाज खणखणीत आला तर म्हणायचा, "बोलते." बद्द आला तर म्हणायचा, "हे मुकं झालं." माझ्या रांधणीतल्या भांड्यांची त्याने येऊन परीक्षा घेतली होती, आणि पाण्याच्या एका पितळी भांड्याला, आमच्या गुंडाला, म्हणाला, "याले जपा, हा खोकून राह्यला." गुंड महिन्यात गळायला लागला. पण म्हणून त्याला सगळंच कळत होतं असं समजू नकोस हं. टरबूज त्याने ठोकून आणलं की ते हमखास पांढरं निघायचं. आयुष्यभर त्याला एक लाल टरबूज निवडता आलं नाही. ग्रहणात लोखंड कच्चं होतं अशीही त्याची पक्की समजूत होती, आणि त्या दिवशी तो दुकान बंद ठेवून झोपून राहायचा.

शेजारच्या घरी लग्न होतं तेव्हा मांडवात आंदणाची भांडी मांडली होती. हा जेवायला आला आणि पंगतीला बसायच्या आधी भांड्यांपाशी उकिडवा बसला. टण्. टण्. टण्. ठप्प. "हे पातळ हाये," मोठ्याने म्हणाला. टण्. ठप्प. "हेही." नवरीच्या बापाचा चेहरा असा झाला की बस. वरपक्षाकडची एक म्हातारी उठून आली आणि म्हणाली, "मिस्तरी, आता आमच्याकडचेही पाहून घ्या, आहेरातले." तर तिचीही तीन मुकी निघाली. दोन्हीकडचे इतके हसले की भांडण करायचं राहूनच गेलं. नवरीचा बाप मात्र पुढे कित्येक वर्षं मिस्तरी दिसला की रस्ता ओलांडायचा.

आणि चौकशा किती! मी चुलीपाशी भाकरी करत असले की हा दारात येऊन उभा. भाकरी फुगायला लागली की त्याचे डोळे चमकायचे.

"बाई, कोठून फुटन सांगा?"

"मले काय माहीत."

"मी सांगतो. तिकडून, उजवीकडून. तुमचा हात तठी जोरात पडला, तठी पातळ हाये."

आणि भाकरीची वाफ उजवीकडूनच फस्स करून निघायची. कधी माझं बोट गेलेलं असायचं तिथे मी पिठाचं ठिगळ लावायचे, तर ती ठिगळावर नाही, ठिगळाच्या कडेला फुटायची. मग तो अर्धा तास 'काहून बरं?' करत अंगणात फिरायचा. मलाही नाद लागला. कामं सोडून आम्ही दोघं भाकरी कुठून फुटते ते पाहायचो. आबा म्हणायचे, "मी जेवू कवा?"

एक गोष्ट मात्र त्याची कोणालाच समजत नव्हती. नांगराचा फाळ आणा, फाटकाची कडी आणा, गाडीचा आस आणा, तो आनंदाने जोडून द्यायचा. पण पिंप, टाकी, सायलेन्सर, बंद पोटाची कुठलीही वस्तू आणली की हात मागे. "ज्याले पोट हाये त्याले मी आग लावत नाई." रॉकेलचे पिंप घेऊन लोक यायचे, शिव्या देऊन जायचे. गावात नाना गोष्टी. कोणी म्हणे याचा भाऊ असाच पिंप जोडताना गेला. कोणी म्हणे बायको गेली. कोणी म्हणे नागपूरला याच्या हातून एक माणूस उडाला, म्हणून हा कारंज्यात लपून राहिला. मी त्याच्याकडे पाहायचे तेव्हा माझ्या डोक्यात हेच चालायचं, की यातलं खरं काय?

आता आमचं मशीन.

जऊळक्याच्या बाजूला विहिरी फोडणारा एक जण होता. त्याने नवीन घेतलं आणि जुना कॉम्प्रेसर आबांना दिला. खाली आडवी लोखंडी टाकी, तिच्या पाठीवर मोटर आणि पंप, दोघांमध्ये रबरी पट्टा. बैलगाडीतून ते घरी आलं तेव्हा आबांच्या तोंडावरचा आनंद मी अजून विसरले नाही. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले, आणि यांच्या नावावर मशीन! ते मशीन मातीत ठेवायचं? छे. आबांनी अंगणातल्या आमच्या दुकानात विटांचा ओटा बांधला आणि टाकीला बुडापासून हिरवा रंग दिला. मशीन चालू झालं की थरथरत पुढे सरकायचं, म्हणून टाकीचं पोट अर्धं बुडेल इतकं सिमेंट भरून ते ओट्यात पक्कं करून टाकलं. धम्मचक्राच्या दिवशी, लोकांच्या दसऱ्याला, आपल्याकडे मशीनची पूजा नाही, पण आबा त्या दिवशी सकाळीच त्याला हिरवा ऑइलपेंट द्यायचे. दर वर्षी एक हात. मशीन असं दिसायचं जसं नवं कोरं.

आणि तुझी आई त्या मशीनशेजारी वाढली. खोटं नाही सांगत. तान्ही होती तेव्हा तिला झोपच यायची नाही, मशीनची धडधड चालू झाली की मात्र डोळे मिटायची. मग आबांनी दुकानाच्या लाकडी खांबाला लुगड्याचा पाळणा बांधला, मशीनपासून हातभर अंतरावर. एका हाताने हवा, एका हाताने झोका. मी टोपलंभर धुणं निवांत धुवायचे.

कापसाचा हंगाम तोंडावर आला आणि एक दिवस मशीनमधून बारीक सूं सूं ऐकू यायला लागलं. आबांनी साबणाचा फेस लावला. सिमेंट आणि टाकी जिथे भेटतात तिथे बुडबुडा आला. थोडं सिमेंट फोडून पाहिलं तर मोहरीच्या दाण्याएवढं भोक. आबांनी हाक मारली, "मिस्तरी, या हो जरा, एक टाका मारून द्या."

मिस्तरी आला, उकिडवा बसला, ठोकायला लागला. वरून टण्. मधे टण्. खाली येता येता आवाज बदलत गेला, आणि सिमेंटपाशी ठप्प.

"भाऊ, इची चावी कोठी हाये?"

"कोणती चावी?"

"बुडाखालची. पाणी सोडाची."

आबांनी ओट्याकडे बोट दाखवलं. "आत गेली असन. मशीन हालत होतं, म्हणून पक्कं केलं."

"मंग पाणी कवा सोडता?"

"पाणी कोठून येईन? हवेची टाकी हाये ते."

मिस्तरीने ओट्यावर हातोडी टेकवली. मग मला समजावल्यासारखं म्हणाला, "बाई, हवेत पाणी असते. हवा दाबली का ते पाणी खाली बसते. रोज चावी उघडून सोडून द्या लागते." आबांना मात्र तो काहीच बोलला नाही. आबांना त्याच गोष्टीचा राग आला.

"ते असू द्या. एवढूसं भोक हाये, बुजवून द्या."

"भोक बुजवाले मी कायले पायजे? मी भोकाले नाई भेत, भाऊ. भोकाच्या शेजाऱ्याइले भेतो. जे गेलं ते गेलं. शेजारी अजून जाऊन राह्यले, ते दिसत नाई."

"येत नाई म्हना की सरळ."

"नाई येत," मिस्तरी म्हणाला आणि उठून गेला.

असं कोणी सरळ कबूल केलं की भांडायलाही जागा उरत नाही. आबा आतल्या आत जळत राहिले. त्यांचंही चुकलं म्हणू नकोस. कापसाच्या गाड्या त्या हंगामातच यायच्या. रबरी टायरच्या बैलगाड्या, ट्रक, सगळी रांग आमच्या दारावरून बाजारात जायची. वर्षाचं खाणं त्या दिवसांत गोळा व्हायचं. मशीन बंद म्हणजे आम्ही पुन्हा मेडशीला, दुसऱ्याच्या शेतात.

त्यानंतर दोघं बोलेनात. एकाच अंगणात, एकमेकांसमोर उभे राहून माझ्यामार्फत बोलायचे.

"बाई, भाऊले सांगा, नवी टाकी पाहा म्हनाव."

"त्याईले सांग, टाक्या झाडाले लागत नाई."

"बाई, भाऊले सांगा, मले ऐकू येते."

बाजाराच्या पलीकडे दुसरा एक वेल्डिंगवाला होता. हसतमुख माणूस, हात गोड, कशालाही नाही म्हणत नसे. आबांनी टाकी त्याच्याकडे न्यायचं ठरवलं. छिन्नीने ओटा फोडला, मोटर-पंप उतरवले, टाकी हातगाडीवर चढवली. मिस्तरी आपल्या छपराखाली मान कलवून नुसता ऐकत होता. टाकी तिरपी झाली आणि आतून खळबळ खळबळ आवाज आला. तसा तो अनवाणी पळत आला.

"थांबा, थांबा! तिरपी धरा."

सिमेंट खरवडून त्याने खालची चावी मोकळी केली, पाना लावून पिळली, तर आतून पाणी आलं. पाणी कसलं, लाल, दाट, मधून मधून कोंड्यासारखे पापुद्रे. घळघळ वाहतच राहिलं. मिस्तरीने ते दोन बोटांत चोळलं, हुंगलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, हे पाणी नाई. हे टाकीच होय."

आबांनी ऐकलं. ऐकून हातगाडी ढकलली.

दुसऱ्या दिवशी टाकी परत आली. भोकावर तळहाताएवढी पट्टी, आणि तिच्या चारी बाजूंनी वेल्डिंग इतकं सुरेख, जणू मुंग्यांची रांग. आबांनी मोटर चढवली, पंप चढवला. दारात गाड्या थांबलेल्या. एकाचं चाक बसलेलं, एकाचं बसायच्या बेतात. तुझी आई पाळण्यात, मशीनचा आवाज येत नाही म्हणून किरकिर करत होती. मिस्तरी आपल्या हद्दीवर येऊन उभा राहिला.

"बाई, भाऊले सांगा, हवेच्या आधी एकदा पाण्यानं भरून पाहू. पाणी फाटलं तर ओलं करते. हवा फाटली तर..." आणि त्याने पाळण्याकडे पाहिलं. 

"त्याईले सांग, येथी लोक खोळंबले."

मला लोखंडातलं काय कळत होतं? पण भाकरीतलं कळत होतं. ठिगळाच्या कडेला ती फुटते हे मी रोज पाहिलं होतं. आबा पट्टा चढवायला वळले, तर पट्टा जागेवर नव्हता. तो मी घेतला होता, आणि फोडलेल्या ओट्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर त्याच्यावर बसले होते.

"उठ."

"पाणी भरा, मंग उठतो."

"उठ म्हनतो ना. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या."

"बह्याड झाली का तू? त्याच्या नादी लागून?"

"हो, झाली."

गाडीवाल्यांना तर आयतीच करमणूक. एक म्हणाला, "भाऊ, मशीनपेक्षा तुमचं इंजन जड हाये!" दुसरा म्हणाला, "वयनी, बसा बसा, आमाले घाई नाई, बाजार उद्याही हाये." आबांचे कान लाल झाले. हातातला पाना त्यांनी जमिनीवर आपटला. माझ्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं.

"भरा! काय भराचं ते भरा," ते म्हणाले. त्या सगळ्या दिवसांत हे पहिलं वाक्य त्यांनी थेट मिस्तरीला म्हटलं होतं.

मिस्तरी असा हलला जसा पोरगा जत्रेला निघाला. एका गाडीवाल्याच्या गाडीत कपाशीवर फवारा मारायचा पायपंप होता, लांब नळीचा. तो यानं मागून घेतला. मोटर आणि पंप पुन्हा उतरवून टाकी अंगणाच्या मधोमध ठेवली आणि तोंडापर्यंत पाण्याने भरली. "आत हवेचा एक बुडबुडा राहू द्याचा नाई," असं म्हणत तो ती हलवत होता, थापटत होता. नळी जोडली. मग काय केलं माहीत आहे? पाळणा स्वतः सोडला, तुझ्या आईला माझ्या हातात दिलं, आणि सगळ्यांना अंगणातल्या कडुनिंबाच्या पलीकडे हाकललं. नळी लांब होती, त्यामुळे पंपही निंबाआडूनच.

"पाणी फाटलं तर नुसतं ओलं करते म्हनता, मंग आमाले कायले हाकलता?" एका गाडीवाल्याने विचारलं.

"मी सांगतो ते खरंच असन असं कोठी हाये?" मिस्तरी म्हणाला. "चला तिकडं."

पण त्याला राहवेना. पंपावर पाय मारता मारता सांगायला लागला. "हवा दाबली का आकसून बसते. सुटली का सगळी एकदम उठते, टाकीचे तुकडे घेऊन. पाणी आकसतच नाई. जराशी फट पडली का त्याचा जोर खतम."

तो पाय मारत होता आणि टाकीवरचा दाबाचा काटा चढत होता. आमचा रोजचा काटा जिथे थांबायचा तिथे तो आला. वेल्डिंगच्या रांगेवर पाण्याचा थेंब नाही.

"झालं?" आबांनी विचारलं.

"अजून थोडं."

"कायले अजून?"

"रोजच्यापेक्षा जास्त सोसलं, तर रोजचं सोसन."

त्याने पुन्हा पाय मारला. टाकीतून जुन्या दाराच्या बिजागरीसारखी करकर आली.  मग चर्र झालं, आणि पट्टीच्या कडेला, वेल्डिंगला धक्का न लावता, तळहाताएवढी फट उघडली. लाल पाण्याची पिचकारी उडाली ती थेट दुकानाच्या खांबावर, पाळणा बांधायची दोरी अजून लोंबत होती तिथे. क्षणभरच. मग नुसतं ठिबकणं.

गाडीवाले हिरमुसले. "एवढंच?" एक म्हणाला.

"एवढंच," मिस्तरी म्हणाला.

आबा उठून खांबापाशी गेले. खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि खांब पुसायला लागले. वरून खाली, पुन्हा वरून खाली. कोरडा झाला तरी पुसत राहिले. मग तिथेच खाली बसले. मी जवळ गेले तर म्हणाले, "पोट्टीले दे इकडं." आणि तिला घेऊन गाड्यांकडे पाठ करून बसले.

मिस्तरीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. जिंकल्याचा आनंद वगैरे काही नाही. त्याला आत काय आहे ते पाहायचं होतं. त्याने करवतीने टाकीचं बूड कापलं आणि तो तुकडा उन्हापुढे धरला. अगं, सुईच्या टोकाएवढे किती तरी उजेडाचे ठिपके! वरचा पत्रा चांगला जाड होता, आणि खालचा पळसाच्या पानासारखा. काही जागी लोखंड उरलंच नव्हतं, तुझ्या आबांचा हिरवा रंगच टाकी धरून बसला होता. "रंग चांगला दिला भाऊ तुमी," मिस्तरी मनापासून म्हणाला. त्याला खरंच कौतुक वाटलं होतं. आबा ते ऐकून हसले की काय झालं कोणास ठाऊक, पण त्यांचे खांदे हलले.

तो तुकडा घेऊन मिस्तरी त्या दुसऱ्या वेल्डिंगवाल्याकडे गेला. आम्हाला वाटलं, आता तिकडे मारामारी. आबा मागोमाग गेले. आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. वेल्डिंगवाल्याने तुकडा पाहिला आणि विचारलं, "माझं वेल्डिंग फाटलं का?"

"नाई. लय गोड वेल्डिंग हाये."

"मंग कायले आणलं?"

"दाखवाले."

मग दोघांनी चहा घेतला, आणि दुपार होईपर्यंत तो तुकडा उलटापालटा करत बसले. वेल्डिंगवाला म्हणाला, "लोक आणतेत. मी नाई म्हटलं तर तिसऱ्याकडे जातेत." मिस्तरी म्हणाला, "तेही खरंच." याच्यापुढे काही नाही.

तो हंगाम आम्ही हातपंपावर काढला. ट्रकचं टायर हाताने भरायचं म्हणजे काय असतं ते तुझ्या पिढीला सांगून समजायचं नाही. आबा दमले की मी, मी दमले की मिस्तरी. स्वतःचं काम सोडून यायचा. दम लागून जीव जायला आला तरी ड्रायव्हरला विचारायचा, "तुमच्या गाडीतून काळा धूर कोठून येते हो?" हात दुखायचे, कमाई कमी झाली, पण मेडशीला परत जावं लागलं नाही. पुढे अकोल्याहून नवी टाकी आली. मिस्तरीने तिच्यासाठी उंच लोखंडी घोडी केली, खालून हात जाईल अशी, आणि चावी सोडायचं काम मला दिलं. पहिल्या सांजेला मी चावी फिरवली, ओंजळभर पाणी आलं. त्याने बोट लावून ते चाटलं.

"कसं हाये?" मी विचारलं.

"तेलकट हाये," तो म्हणाला. "पण लाल नाई."

आम्ही स्वतःची जागा घेऊन त्याचं अंगण सोडलं तेव्हा मात्र मला राहवलं नाही. सामान गाडीत चढलं होतं, तुझी आई चालायला लागली होती, त्याच्या फाटकातल्या माठात खडे टाकत होती. मी म्हटलं, "मिस्तरीभाऊ, एक विचारू? राग नका मानू. तुमचं कोण गेलं? भाऊ का बायको?"

"कोठी गेले?"

"म्हंजे टाकी फुटून. गाव म्हनते ना."

 त्याला खरंच माहीत नव्हतं गावात काय बोलतात ते.

"बाई, माहा भाऊ वर्ध्याले किराण्याच्या दुकानात हाये. लग्न मी केलंच नाई. कोणीच गेलं नाई."

"मंग एवढं भेव कायचं?"

"कोणी मेल्यावरच भ्याचं असते का?" तो म्हणाला. आणि मग त्यालाच प्रश्न पडल्यासारखा डोकं खाजवत पुन्हा जोडायला घेतलेल्या खाटेच्या पायाकडे वळला.

आता गंमत बघ. कारंज्यात आजही विचारलंस तर कोणाची कडब्याची गंजी जळाली, कोणाच्या घरात नाल्याचं पाणी शिरलं, हे म्हातारे लोक बसल्या जागी सांगतील. ती टाकी कोणाला आठवत नाही. कशी आठवेल? त्यात सांगण्यासारखं घडलंच काय? अंगणात थोडं लाल पाणी सांडलं, खांब ओला झाला, आणि एक तान्ही पोर भूक लागून रडायला लागली म्हणून मी तिला पदराखाली घेतलं. त्या दिवशी घडलं ते एवढंच. मिस्तरीलाही पुढे ते आठवत नव्हतं, त्याच्या डोक्यात तोवर दुसऱ्याच कसल्या तरी चौकशा होत्या.

मला मात्र आठवतं. म्हणून तू लवकर ये. परतीच्या गाडीची वेळ न विचारता ये, आणि येताना तुझ्या आईलाही आण. हल्ली गुडघे दुखतात म्हणते, जिना चढवत नाही म्हणते, केस पिकले म्हणून कुरकुर करते. करू दे. फोनवर ती अर्धीच ऐकू येते गं. मला तिची ती कुरकुर समोर बसून ऐकायची आहे. या लवकर दोघी.